शर्ट काढ म्हणे!

सकाळपासून एकच फोटो तीन ग्रुपांवर आलाय. मुंबईतल्या बीडीडी चाळीतला मधला अंधारा पॅसेज, पोपडे निघालेली भिंत, उघडाबंब पोरगा. अर्थातच ब्लॅक अँड व्हाइट. खाली लिहिलंय 'अभावातलं निरागस हसू', आणि आपलेच लोक त्यावर बदाम टाकतायत! त्या पोराला कुणी विचारलं होतं का रे?

आमच्या मजल्यावरही आला होता असाच एक फोटोवाला. ८२च्या गिरणी संपाचे दिवस, घरोघरी पगार बंद. शेजारच्या खोलीतला माझा दोस्त नवा शर्ट घालून ऐटीत समोर उभा राहिला. साहेब म्हणाले, "शर्ट काढ, बनियनवर उभा राहा." त्याची आई दारातच तांदूळ निवडत होती. ती उठली, पोराचं गळ्याचं बटण लावलं आणि म्हणाली, "काढायचा तर असाच काढा." साहेब कॅमेरा गळ्यात अडकवून वरच्या मजल्यावर गेले. तिथं गावलं असेल त्यांना हवं तसलं पोर.

खोली १६० चौरस फुटांची, एका इमारतीत ८० खोल्या, संडास पॅसेजच्या टोकाला. यात लपवण्यासारखं काय आहे? पण कुणाचं दहावीचं वर्ष असलं की सगळा मजला रेडिओ बारीक करायचा, बाप्ये पॅसेजमध्ये वळकटी टाकायचे. तासाभरासाठी आलेल्याला हे कुठून दिसणार!

बरं, फोटोंनी भलं होतच नाही असं नाही. अमेरिकेत लुईस हाइन यांनी १९०८पासून गिरण्या-कारखान्यांत राबणाऱ्या पोरांचे फोटो काढले, बालमजुरीविरुद्ध लोक बोलायला लागले. मान्य. पण तो माणूस पोराचं नाव, वय विचारून टिपून ठेवायचा. उंची मोजायला स्वतःच्या कोटाची बटणं कामी आणायचा. आपल्याकडे 'चाळीतलं बालपण' एवढ्यावर उरकलं.

आणि आता वरळीत चाळीच्या जागी पाचशे फुटांची घरं मिळायला लागली, तर यांना उमाळे येतायत. चाळसंस्कृती हरपली म्हणे! मग या ना राहायला. सकाळी डबा घेऊन रांगेत उभे राहा, मी काढतो तुमचा फोटो. उघड्या अंगाचा.

जाऊ दे. तो शर्ट पिवळा होता, कॉलर निळी. संपात दोस्ताच्या आईनं बाहेरची शिवणं घेतली होती, त्यातल्या उरलेल्या तुकड्यांचा. एका कापडात कॉलर पुरली नाही म्हणून निळी. आम्हाला वाटायचं फॅशनच आहे ती. ब्लॅक अँड व्हाइटमध्ये काय कप्पाळ दिसणार होती?

तुमच्या घरी पोटमाळ्यावर, ट्रंकेत जुने अल्बम असतील तर काढा. बारशाचे, गणपतीतले, मैदानातल्या मॅचचे. खाली कमेंटमध्ये टाका. चाळ नंबर, खोली नंबर आणि पोराचं नाव लिहा, घरी हाक मारायचे ते. फक्त आधी त्याला फोन करून विचारा, टाकू का म्हणून.