पाण्यात चालणं हा व्यायाम आहे का? एका प्रतिक्रियेला उत्तर

काका, नमस्कार. गुडघेदुखीवाल्यांनी तरण तलावात उतरून चालावं, या माझ्या सल्ल्यावर तुमचे आक्षेप तीन. पाण्यात अंगाला वजनच राहत नाही, मग व्यायाम कसला आणि हाडांना काय मिळणार? चार-पाच दिवसांनी नळाला पाणी येणाऱ्या सोलापुरात तरण तलावाची भलामण हा श्रीमंती थाट. आणि 61 वर्षांच्या, गुडघे धरलेल्या काकूंनी साडी सोडून तलावात उतरायचं कसं? त्यापेक्षा त्यांनी गावातल्या सिद्धेश्वर तलावाभोवती फेरी मारावी, असं तुमचं म्हणणं.

हाडांचं आधी मान्य करतो. हाड मजबूत राहायला त्यावर भार पडावा लागतो आणि पाण्यात तो कमीच पडतो. ज्यांना विनातक्रार चालता येतं त्यांनी जमिनीवरच चालावं. पण काकूंना दहा मिनिटांत बसावं लागतं, हे तुम्हीच लिहिलंय. मग फेरी पूर्ण होणार कशी?

पाण्यात वजन किती उतरतं ते बघा. कंबरभर पाण्यात पायांवर साधारण निम्मं वजन येतं, छातीपर्यंतच्या पाण्यात सुमारे एक तृतीयांश. म्हणजे 70 किलोच्या माणसाचे गुडघे तिथे 23-24 किलोच पेलतात. भार कमी झाला म्हणून मेहनत मात्र कमी होत नाही. पाणी हवेपेक्षा सुमारे 800 पट दाट आहे. पाय दुप्पट वेगाने ढकलला तर विरोध जवळपास चौपट होतो. जमिनीवर उचललेला पाय गुरुत्वाकर्षण खाली आणतं. पाण्यात तो परत आणतानाही जोर लावावा लागतो, त्यामुळे मांडीच्या पुढच्या आणि मागच्या, दोन्ही स्नायूंना काम मिळतं. अर्थात कठडा धरून गप्पा मारत उभं राहणाऱ्यांना यातलं काही मिळत नाही, आणि अशांची संख्या कोणत्याही तलावात बरीच असते!

सुरुवात छातीपर्यंतच्या पाण्यात, कठड्याजवळ. पाच मिनिटं सावकाश चालायचं, टाच आधी टेकवून, पाठ ताठ. पाणी आडवं येतं म्हणून माणूस पुढे झुकतो आणि चवड्यांवर चालायला लागतो. मग पोटऱ्यांत गोळे येतात आणि कंबर दुखते. त्यानंतर उलटं चालणं, आडवं चालणं, कठडा धरून एकेक पाय पुढे-मागे आणि बाजूला 10-10 वेळा, शेवटी अर्ध्या उठाबशा. पहिल्या आठवड्यात 10-15 मिनिटं पुरेत. पुढे हळूहळू 30 मिनिटं, आठवड्यातून तीनदा. बोलता येतंय पण गाणं म्हणता येणार नाही, इतका दम लागला की वेग बरोबर. नाडीवर विसंबू नका, पाण्यात ती जमिनीपेक्षा मिनिटाला दहाएक ठोक्यांनी कमी लागू शकते. तहान जाणवली नाही तरी पाणी प्यायचं, कारण घाम पाण्यातही येतो.

धोका खरा बाहेर पडताना. सव्वा मीटर खोलीवर पाण्याचा दाब सुमारे 90 मिलिमीटर पारा (रक्तदाब मोजतात तेच माप) असतो. तो पायांतलं रक्त वर ढकलतो, सूजही उतरवतो. एकदम बाहेर आलं की हा आधार सुटतो, रक्तदाब घसरतो आणि चक्कर येते. रक्तदाबाची किंवा लघवी वाढवणारी गोळी चालू असेल तर जास्तच. म्हणून शेवटची पाच मिनिटं उथळ पाण्यात आणि शिडी चढताना घाई नको. उघडी जखम, ताप, जुलाब, आटोक्यात नसलेली फिट किंवा हृदयाचा त्रास असेल तर उतरायचंच नाही. मधुमेह असेल तर तळव्याला खरचटू नये म्हणून पाण्यात वापरायचे बूट घालावेत आणि घरी आल्यावर तळवे तपासावेत.

सांध्यांच्या दुखण्याला 29 ते 31 अंशांचं पाणी चांगलं. डिसेंबर-जानेवारीत सकाळचं पाणी त्याहून गार असतं, सांधे उलट आखडतात. तेव्हा दुपारनंतर जावं. मे महिन्यात नेमकं उलट, सकाळी लवकर. विहीर किंवा सिद्धेश्वर तलाव यासाठी नाही: तळ सपाट नाही, खोलीचा अंदाज नाही.

पाण्याच्या टंचाईचा राग समजतो. पण तलाव रोज रिकामा करत नाहीत, तेच पाणी गाळून, क्लोरीन घालून फिरवतात. 25 बाय 12.5 मीटरच्या तलावात सरासरी दीड मीटर खोली धरली तर पावणेपाच लाख लिटर पाणी मावतं. उन्हाळ्यात रोज एक सेंटिमीटर उडालं तरी तूट तीनेक हजार लिटरची. गाळणी धुवायला लागतं ते वेगळं. टंचाईत तलाव बंद ठेवावा लागला तर तक्रार करू नये, हे मात्र तुमच्याइतकंच मलाही वाटतं.

राहता राहिली साडी. साडी पाण्यात पायाला गुंडाळते, ती नकोच. सुती कापडही पाणी पिऊन जड होतं. नायलॉनची घोट्यापर्यंतची विजार आणि लांब बाह्यांचा अंगासरशी सदरा मिळतो, अंग पूर्ण झाकतं. बऱ्याच तलावांवर बायकांसाठी वेगळी वेळ असते. प्रवेश घेण्याआधी ती वेळ, कपड्यांचा नियम आणि उथळ बाजूची खोली या तीन गोष्टी विचारून घ्या. उथळ बाजूलाच पाणी काकूंच्या गळ्यापर्यंत येत असेल तर तो तलाव त्यांच्या कामाचा नाही: पाय तळाला नीट टेकणार नाहीत.