वाळूजच्या वाचकास: कर नेमका कुणावर?

भाऊ,

तुमची प्रतिक्रिया सकाळी वाचली, संध्याकाळी पुन्हा वाचली. तुम्ही लिहिता, "मॅडम, तुम्ही आयुष्यभर सरकारी पगार घेतला. आम्ही भाड्याच्या शेडमध्ये दोन लेथवर सुरुवात केली, आज चाळीस घरांची चूल आमच्यावर पेटते. संपत्ती कर म्हणजे कष्टाला शिक्षा. तो आपल्याकडे एकदा फसलाय, नॉर्वेतून तर श्रीमंत पळून गेले. मोठे वाढले की पैसा खाली झिरपतोच. शेतकरी तर करच देत नाही. सचोटीच्या धंद्याचं तुमचं म्हणणं नुसती भाषणबाजी. आणि मराठवाड्याला फुकटाची सवय लागलीय, हे कधी लिहिणार?"

राग आहे, पण प्रश्न खरे आहेत. म्हणून सविस्तर लिहिते.

मागच्या लेखात मी मागितला होता तो कर हजार कोटींच्या वरच्या संपत्तीवर, वर्षाला २ टक्के. तुमची शेड, मशिनं, घर, गावाकडची जमीन सगळं मांडलं तरी तुम्ही त्या रेषेच्या आसपास येत नाही. उलट आज जास्त कापलं जातंय ते तुमचंच. तुमची भागीदारी फर्म आहे, म्हणजे नफ्यावर सरळ ३० टक्के. सप्टेंबर २०१९ मध्ये मोठ्या कंपन्यांचा दर २२ टक्क्यांवर आणला, नव्या कारखानदारी कंपन्यांना तर १५. तुम्ही म्हणाल, कंपनीने लाभांश दिला की मालकाला त्यावर पुन्हा कर लागतो. लागतो, पण लाभांश घेतला तर. नफा कंपनीतच ठेवला, शेअरचा भाव वाढत गेला आणि शेअर विकलेच नाहीत, तर त्या वाढीवर एक रुपयाही द्यावा लागत नाही. विकले तरी दीर्घ मुदतीचा दर साडेबारा टक्के. अफाट संपत्ती वाढते ती इथे, पगारात नव्हे. त्यामुळे आयकराचे टप्पे कितीही वाढवले तरी तिथवर हात पोचत नाही.

संपत्ती कर फसला, हे मान्य. पण तो का फसला ते बघा. अर्थतज्ज्ञ निकोलस काल्डोर यांच्या शिफारशीवरून १९५७ साली तो कायदा आला. सत्तरच्या दशकात आयकराचा वरचा दर ९७ टक्क्यांवर गेला होता, त्यावर हा कर. लोकांनी पैसा लपवला, त्यात नवल नाही आणि तसले दर मला नकोच आहेत. पुढे १९९२च्या अर्थसंकल्पाने शेअर आणि उत्पादक मालमत्ता करातून वगळल्या. उरलं काय? दागिने, गाड्या, शहरातले मोकळे प्लॉट. ज्यात खरी संपत्ती तेच बाहेर ठेवल्यावर २०१३-१४ ला वसुली जेमतेम हजार कोटींची झाली आणि २०१५च्या अर्थसंकल्पात कर रद्द झाला. चाळणीत पाणी राहिलं नाही म्हणून विहिरीला बोल लावण्यासारखं आहे हे.

नॉर्वेचं तुमचं बरोबर आहे. २०२२ला दर वाढले आणि काही बडे लोक स्वित्झर्लंडला गेले. पण स्वित्झर्लंडमध्येही संपत्ती कर आहेच, दर कमी इतकंच. म्हणून देशांनी मिळून किमान दर ठरवावा, हा फ्रेंच अर्थतज्ज्ञ गॅब्रिएल झुकमन यांचा प्रस्ताव मला पटतो. जगातल्या साधारण तीन हजार अब्जाधीशांकडून २ टक्के, वर्षाला २०० ते २५० अब्ज डॉलर. २०२४च्या रिओच्या जी-२० जाहीरनाम्यात अतिश्रीमंतांवर परिणामकारक कर लागावा यासाठी सहकार्य करू असं म्हटलंय आणि त्यात आपला देशही आहे.

आता "फुकटाची सवय". इथे मी थांबणार आहे, कारण हे मला लागलं.

माझी आई आष्टी तालुक्यातली. १९७२ला तिने दुष्काळी कामावर खडी फोडली. सुकडी, म्हणजे दुष्काळात वाटलं जाणारं खाणं, खाऊन मोठी झालेली मुलं आम्ही. नंतर रोजगार हमी आली, तेव्हा ती पाझर तलावाच्या भरावावर टोपली वाहायची. आठवड्याला मस्टर, म्हणजे हजेरीपट, निघायचं, मोजमाप कमी भरलं तर हजेरी असूनही पैसे कमी. ती मजुरी होती, भाऊ. भर उन्हात मातीचं एकेक टोपलं मोजून घेऊन दिलेली.

ते पैसे आले कुठून? विधान परिषदेचे तेव्हाचे सभापती वि. स. पागे यांनी ही योजना मांडली, आणि तिच्यासाठी राज्याने १९७५ला व्यवसाय कर बसवला. शहरात ज्याच्या हाती नियमित कमाई होती, त्याच्याकडून थोडं घेऊन दुष्काळी गावात काम काढायचं. शहरातल्या पगारदाराने आमच्या तलावाचा भराव घातला, आणि त्याने कुणी भिकेला लागलं नाही. पुढे मी शिक्षिका झाले तेव्हा माझ्याही पगारातून तोच कर कापला जायचा. पगारपत्रकावर तो आकडा बघितला की आईची टोपली आठवायची.

पण त्यातली गोम ऐका. राज्यघटनेनुसार या कराची कमाल मर्यादा वर्षाला २,५०० रुपये, १९८८पासून तीच. तुमचा महिना पंधरा हजारांचा ऑपरेटर अडीच हजार भरतो, आणि मुंबईत वर्षाला कोट्यवधी घेणारा अधिकारीही अडीच हजारच. वरच्याने आपल्या ऐपतीप्रमाणे द्यावं, एवढंच मी मागतेय.

शेतकऱ्याला तर संपत्तीची कमाल मर्यादासुद्धा आहे! १९७५च्या दुरुस्तीनंतर कोरडवाहू ५४ एकर, बारमाही पाण्याखालची १८. त्यावरची जमीन सरकारजमा. शेअरना अशी मर्यादा घाला असं मी म्हणत नाही, वर्षाला शंभरातले दोन द्या म्हणते. आणि शेतकरी कर देत नाही म्हणता, तर फवारणीच्या रासायनिक औषधावर तो १८ टक्के जीएसटी भरतो आणि तुमच्यासारखा त्याचा परतावा त्याला मिळत नाही.

झिरपण्याबद्दल. १९३७ला 'टाइम' साप्ताहिकाच्या मुखपृष्ठावर जगातला सर्वांत श्रीमंत माणूस म्हणून जो झळकला, तो आमचा राजा होता. निजामाच्या सर्फ-ए-खास मुलखाचा महसूल थेट त्याच्या खाजगी तिजोरीत जायचा. उस्मानिया विद्यापीठ झालं, निजामसागर धरण झालं, पण तिकडे, हैदराबाद-तेलंगणात. मराठवाड्याला स्वतःचं विद्यापीठ मिळालं ते १९५८ साली. जगातला पहिल्या क्रमांकाचा पैसा एवढ्या जवळ असून आमच्यापर्यंत झिरपला नाही.

सचोटीच्या धंद्याचा मुद्दा तुम्ही "भाषणबाजी" म्हणून उडवलात, पण करातून सचोटी कशी आणता येते याचं उदाहरण तुमच्याच कामाचं आहे. मोठा खरेदीदार सूक्ष्म किंवा लघु उत्पादकाचं बिल थकवतो तेव्हा नफा कमावून बसलेला तो, आणि बँकेचं व्याज भरणारे तुम्ही. आता १ एप्रिल २०२४पासून आयकराचा नियम असा आहे की जास्तीत जास्त ४५ दिवसांत (लेखी करार नसेल तर १५) पैसे दिले नाहीत, तर प्रत्यक्ष देईपर्यंत तो खर्च त्याला वजा धरता येत नाही. म्हणजे थकवलेल्या रकमेवर त्याला कर बसतो. तुमची नोंदणी सूक्ष्म किंवा लघुमध्ये आहे ना, ते बघा, आणि बिलावर नोंदणी क्रमांक छापा. उशीर महाग पडला की वागणूक बदलते. तसंच साखर कारखान्यांनी ऊसतोड कामगारांच्या महामंडळासाठी टनामागे दहा रुपये द्यायचे ठरले, तेही मला योग्य वाटतं.

एक चूक मात्र माझी. मागच्या लेखात मी सरसकट "उद्योजक" असा शब्द वापरला आणि तुम्हाला त्या रांगेत उभं केलं. तो परिच्छेद आज रात्री बदलते. तुम्ही लिहिलेली थकीत बिलांची हकीकत, नाव न घेता, त्यात घालायला तुमची हरकत नसेल तर कळवा.