सोडियम आयन बॅटरी गावाला परवडेल का? एका प्रतिक्रियेला उत्तर

भाऊ, सोडियम बॅटरीवरच्या लेखाखाली तुम्ही तीन आक्षेप घेतलेत. लिथियम आयर्न फॉस्फेट (एलएफपी) बॅटरी आज स्वस्त मिळते, मग सोडियम कशाला? सोडियम जड असते. आणि रात्री पाणी द्यायची शेतकऱ्याची रात्रपाळी बंद करायची तर सरळ पंपालाच बॅटरी द्या, तीही मिस्त्रीला कळणारी लेड ॲसिडची.

तिसऱ्यापासून घेतो. पंपाला बॅटरी नकोच. 5 एचपीचा पंप 6 तास चालला की 25 ते 30 युनिट खातो. एवढी वीज साठवण्यापेक्षा दिवसा उन्हावर पाणी उपसून शेततळ्यात साठवणं कितीतरी स्वस्त. बॅटरी लागते ती गावठाण फिडरला, म्हणजे गावातल्या घरांना वीज देणाऱ्या लाइनला, संध्याकाळी 6 ते 10.

300 घरांचं गाव धरा, घरामागे 400 वॅट. 120 किलोवॅट, चार तास, म्हणजे 480 युनिट. इन्व्हर्टरची गळती धरली की 505. बॅटरी रोज 85 टक्केच वापरायची, म्हणून 595. शेवटच्या वर्षी क्षमता 80 टक्क्यांवर येईल, म्हणून सुरुवातीलाच 750 युनिटची बसवायची. वजनाचा मुद्दा इथेच संपतो: सोडियमचे साडेसात टन, एलएफपीचे सहाच्या आसपास. सबस्टेशनच्या सिमेंटच्या ओट्याला त्याचं काही नाही.

आता किंमत. आज एलएफपी स्वस्त आहे, हे तुमचं बरोबर. पण पेटीवरच्या किमतीने तुलना करू नका, परत मिळणाऱ्या युनिटमागे करा. समजा एलएफपी 10,000 रुपये प्रति युनिट क्षमता, 4,000 फेऱ्या (एकदा भरून रिकामी झाली की एक फेरी), 85 टक्के वापर: साठवणीचा खर्च 2.94 रुपये. दिवसाची वीज 3 रुपयांनी घेतली आणि 92 टक्के परत मिळाली, तर विजेचे 3.26. एकूण 6.20. सोडियम 11,000 ला, फेऱ्या तेवढ्याच, पण परतावा, म्हणजे परत मिळणारी वीज, 88 टक्के: 3.24 अधिक 3.41, म्हणजे 6.65. लेड ॲसिड 8,000 ला घेतली तरी 1,200 फेऱ्या आणि 50 टक्के वापर, नुसती साठवणच 13 रुपयांवर जाते. तिला या यादीत जागाच नाही.

याच हिशेबातून सोडियमची अटही निघते. परतावा कमी असल्यामुळे तिला बरोबरीला यायलाच सुमारे 9,500 ला मिळावं लागेल. "पाच टक्के स्वस्त" म्हणून कुणी विकत असेल, तर ती स्वस्त नाही, जेमतेम बरोबर आहे.

मग लक्ष का ठेवायचं? लिथियम बॅटरीचा कच्चा माल असलेलं लिथियम कार्बोनेट 2022 च्या अखेरीस चीनमध्ये टनाला सहा लाख युआनच्या जवळ गेलं, 2024 च्या सुरुवातीला एक लाखाच्या आसपास होतं. सोडियम मागे पडली ती या घसरणीमुळे. भाव असाच खाली राहील, या भरवशावर गावांची वीज बांधणं मला पटत नाही. सोडियमच्या सेलमध्ये लिथियम नाही, आणि दोन्ही बाजूंना तांब्याऐवजी ॲल्युमिनियमची पत्री चालते. हुबेई प्रांतात 2024 साली 50 मेगावॉट, 100 मेगावॉट-तासांचं सोडियम केंद्र सुरूही झालं.

महाग राहतो तो ऋण बाजूचा हार्ड कार्बन. तो शेतीच्या काडीकचऱ्यापासून बनतो, त्यामुळे आपल्या पऱ्हाट्यांचं नाव लगेच निघतं. पण भट्टीतला कोळसा म्हणजे हार्ड कार्बन नव्हे. राखेतले क्षार धुऊन काढावे लागतात, आणि मग हवा न लागू देता 1,200 ते 1,400 अंशांपर्यंत तापवावं लागतं.

प्रत्यक्षात घोळ होतो तो व्होल्टेजमध्ये. एलएफपीचा सेल 3.2 व्होल्टच्या आसपास टिकून राहतो. थरदार ऑक्साइडचा (धन बाजूला वापरायचा एक पदार्थ) सोडियम सेल 3.95 पासून 2 पर्यंत उतरत जातो. इन्व्हर्टरची डीसी मर्यादा 600 ते 900 व्होल्ट असेल, तर 225 सेल ओळीत बसतात आणि पूर्ण चार्जवर 889 व्होल्ट होतात. खाली 600 व्होल्ट म्हणजे सेलला 2.67, त्याखालची वीज अडकून पडते. पैसे मात्र तिचेही मोजलेले असतात. शिवाय व्होल्टेज उतरलं की करंट चढतो: त्याच 120 किलोवॅटला, इन्व्हर्टरची गळती धरून, सुरुवातीला 142 अँपिअर, शेवटी 210. केबल आणि फ्यूज सरासरी व्होल्टेजवर निवडले, तर रात्री साडेनऊला लग (केबलच्या टोकाचे जोड) तापतात, फ्यूज उडतो आणि दोष बॅटरीवर येतो.

उन्हाचंही स्पष्ट सांगतो. उणे 20 अंशांत चालते, ही सोडियमची मोठी जमेची बाजू, पण अकोल्या-चंद्रपूरला तिचा उपयोग नाही. "60 अंशांत चालते" याचा अर्थ 60 अंशांत टिकते असा होत नाही. सौर चार्जिंग नेमकं भर दुपारी होतं, म्हणून ते पाच तासांत सावकाश करा, कंटेनरवर वेगळं छप्पर घाला, आणि जिनिंगच्या हंगामात कापसाच्या धुसीने बुजणारी हवेची जाळी दर आठवड्याला साफ करा. इलेक्ट्रोलाइट इथेही पेट घेणारंच आहे, म्हणून धूर-वायू सेन्सर आणि वस्तीपासून अंतर या अटी सोडियमलाही लागू.

तुमच्या ग्रामपंचायतीपुढे असा प्रस्ताव आलाच, तर विक्रेत्याकडून तीन गोष्टी लेखी घ्या: 45 अंशांवरचा डिस्चार्ज आलेख (वीज देताना व्होल्टेज कसं उतरतं ते दाखवणारा), तुमच्याच इन्व्हर्टरच्या व्होल्टेज मर्यादेत मिळणारे युनिट, आणि कूलिंगची वीज वजा करून उरणारा परतावा. हमीही पेटीवरच्या क्षमतेची मागू नका, या दुसऱ्या आकड्याची मागा.