चार प्लेअर, एक टाकी

आक्काच्या पोरीच्या लग्नाचा व्हिडिओ पेन ड्राईव्हमधनं आला आणि रविवारी निपाणीचे भाऊजी, खानापूरची मावशी, दोन-तीन पोरं असा सगळा गोतावळा आमच्या बेळगावातल्या शहापूरच्या घरात जेवून टीव्हीसमोर बसला. टीव्ही जुना, त्याला ती फाईल चालेना. मी ऐटीत म्हटलं, थांबा, लॅपटॉप जोडतो. त्यात विंडोजसारखीच खरं फुकटची उबुंटू नावाची सिस्टीम मीच घातलेली, आणि घालताना पैसे नाहीत, व्हायरस नाही, सगळं मोकळं वगैरे भाषण पण दिलेलं.

फाईल उघडली तर म्हणे एच.२६४ चा डिकोडर पाहिजे, म्हणजे त्या पद्धतीनं दाबून भरलेला व्हिडिओ उलगडणारा प्रोग्रॅम.

"काय करूलालास रे, लाव की," मावशी.

"लावूलालोय की."

मला वाटलं हा टोटेम प्लेअरच बोगस, म्हणून मोबाईलचं नेट जोडून परोल नावाचा दुसरा प्लेअर घातला. तोच मेसेज. गाणी वाजवणाऱ्या रिदमबॉक्सला म्हटलं बाबा चित्र राहू दे, निदान सनई तरी ऐकव, खरं तो पण गप्प. तेव्हा कुठं ट्यूब पेटली. हे प्लेअर नुसते खिडकी आणि बटणं, फाईल उलगडायचं खरं काम मागं जीस्ट्रीमर नावाची लायब्ररी, म्हणजे प्रोग्रॅमनी वापरायचा तयार कोड, करते, १९९९ पासनं आहे ती, आणि सगळ्यांची मिळून एकच. प्रत्येकानं आपापला डिकोडर कशाला लिहायचा, म्हणून ही सोय. आमच्या गल्लीत चार घरात एक टाकी आहे तसं. खर्च वाटून जातो, छान चालतं, खरं टाकी रिकामी झाली की आपण कळशी घेऊन शेजारी जातो आणि शेजारीण आपलीच कळशी घेऊन आपल्या दारात उभी असते. मी तासभर तेच करत होतो.

मग प्लगइन, म्हणजे जीस्ट्रीमरला वरनं जोडायचे डिकोडर वगैरे तुकडे, शोधले तर त्यांचे गठ्ठे, नावं बेस, गुड, बॅड आणि अग्ली. म्हटलं ही काय स्थळं आहेत काय! बॅड म्हणजे अजून नीट तपासणी न झालेलं, कुणी धड सांभाळणारा नसलेलं. आणि अग्ली म्हणजे गुणानं एकदम चांगलं, फक्त पेटंट-लायसन्सची भानगड असलेलं. भाऊजींना हे लगेच पटलं. "म्हणजे माल चांगला, प्रकरण कोर्टात," म्हणाले. २००४ पासनं सीमाप्रश्नाचा दावा सुप्रीम कोर्टात बघणाऱ्या माणसाला ह्याच्यापेक्षा जास्त काय समजावायचं.

शेवटी सगळं एकदम मिळणारं रिस्ट्रिक्टेड एक्स्ट्रा नावाचं पॅकेज घातलं. मध्येच फॉन्टच्या अटींची लांबलचक पाटी आली आणि खाली ओके. माऊसनं दाबलं, एंटर मारला, ढिम्म. त्या ओकेपर्यंत ट्याब दाबून जायचं असतं हे कळायला मला पंधरा मिनिटं लागली. तेवढ्यात भाऊजींच्या पोरानं स्वतःचा लॅपटॉप काढला, व्हीएलसीवर फाईल टाकली, लग्न सुरू. सगळी तिकडं सरकली.

मी म्हटलं, त्यात काय मोठं, व्हीएलसी म्हणजे स्वतःची टाकी बांधलेलं घर, १९९६ मध्ये पॅरिसच्या कॉलेजपोरांनी चालू केलेलं, खरं त्याच्यात पण बरंचसं पाणी एफएफएमपेग नावाच्या फुकटच्या डिकोडर-साठ्याचंच! माझ्या टाकीला पण तिथनंच येतं, फक्त मधली पाईप जोडलेली नव्हती. शेवटी सगळं आमच्या गावाला पाणी देणाऱ्या राकसकोप धरणाचंच की! कुणी ऐकलं नाही, अक्षता पडत होत्या.

(उबुंटू इन्स्टॉल करताना ह्याच सगळ्यासाठी एक टिक मारायचं होतं. नेट वाचवायला मीच मारलं नव्हतं. हे घरात सांगितलेलं नाही.)

माझं काम संपलं तोवर तिकडं पंगत उठत आली होती. तरी हट्टानं टीव्हीवर माझ्याच लॅपटॉपवरनं परत पहिल्यापासनं लावलं. चित्र एकदम झकास.

"आवाज कुठनं येऊलालाय रे?" मावशी.

आवाज लॅपटॉपमधनंच येत होता, टीव्ही मुका.

"दोन मिनिटं हं," मी म्हटलं, आणि भाऊजी चप्पल शोधायला उठले.