खिडकी एक झाली, फाईल कधी होणार?

दहावी-बारावीचा निकाल लागला की आपल्याकडे दोन ठिकाणी गर्दी उसळते, कॉलेजात आणि सेतूत. बोर्डावर 'आपले सरकार सेवा केंद्र' लिहिलेलं असतं, पण आमच्याकडे अजून सगळे सेतूच म्हणतात.

सगळे दाखले एका ठिकाणी मिळावेत ही सोय चांगलीच आहे. तलाठी आज कुठल्या सज्जावर आहेत याचा शोध घेत फिरणं ज्यांनी केलंय त्यांना विचारा. माझी तक्रार वेगळी आहे. आपण खिडकी एक केली, आतली टेबलं मात्र होती तशीच ठेवली.

नॉन क्रिमिलेअरचंच बघा, म्हणजे आरक्षणासाठी घरचं उत्पन्न मर्यादेत असल्याचा दाखला. त्याला जातीचा दाखला लागतो, तो प्रांताधिकाऱ्यांनी दिलेला. तीन वर्षांच्या उत्पन्नाचा दाखला लागतो, तो तहसीलदारांनी दिलेला. दोन्ही महसूल खात्याचेच, दोन्हींवर बारकोड. तरी आपण ते स्कॅन करायचे, ५०० केबीच्या आत बसवायचे आणि महसूल खात्यालाच पुन्हा दाखवायचे. स्वतः दिलेला कागद खातं स्वतःच्याच संगणकावर का बघू शकत नाही? एखादं पान पुसट आलं की अर्जाला त्रुटी लागते आणि गाडी परत पहिल्यापासून. वर शिव्या कोण खातो, तर काउंटरवरचा पोरगा. सर्व्हर त्याचा नाही, सही त्याची नाही, फीमधला थोडा वाटा काय तो त्याचा.

हे जमत नाही असंही नाही. डिजिटल सहीचा सातबारा २०१८ पासून ऑनलाइन मिळतो, १५ रुपयांत, घरबसल्या. तिथे नुसता अर्ज ऑनलाइन केला नाही, मूळ नोंदच संगणकावर आणली. त्यासाठी खात्याला वर्षानुवर्षं सातबारे तपासत बसावं लागलं, कंटाळवाणं काम. नवीन काउंटरची फीत कापणं त्यापेक्षा सोपं, फोटोही छान येतो.

कायदा आपल्या बाजूने आहे, हे बऱ्याच जणांना माहीतच नसतं. २०१५ च्या लोकसेवा हक्क कायद्यात सेवेची मुदत ठरवून द्यावी लागते, ती पाळली नाही तर अपील करता येतं आणि अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड होऊ शकतो. पण अॅडमिशनची शेवटची तारीख आठवड्यावर आलेली असताना अपिलात कोण जाईल? माणूस ओळखीचा कारकून शोधतो. म्हणूनच दंडाची भीती फारशी कुणाला वाटत नाही, असं माझं मत.

तोवर एवढं करा. ज्यांच्या घरात पोरं यंदा बारावीला आहेत, त्यांनी निकालाची वाट न बघता आत्ताच अर्ज टाका. पोचपावती घेतल्याशिवाय काउंटर सोडू नका. आणि जुनं नॉन क्रिमिलेअर असेल तर त्यावरची मुदत संपण्याची ३१ मार्चची तारीख कुठल्या वर्षाची आहे, तेवढी आज बघून घ्या.