सैतानाची पंगत आणि माझी शुगर

शुगरचा रिपोर्ट बघून डॉक्टर म्हणाले, "गोड बंद. मन दुसरीकडे कुठेतरी गुंतवा." मी ते मिल्टन या सतराव्या शतकातल्या इंग्रज कवीत गुंतवलं. मोहाला नाही कसं म्हणायचं हे शिकायचंच, तर थेट घाऊक बाजारात जावं, असा हिशेब.

'पॅरडाइज लॉस्ट'मध्ये (१६६७) साप झालेला सैतान ईव्हपुढे काय काय युक्तिवाद करतो! पण मिल्टन मध्येच हळूच सांगून टाकतो, की दुपार होत आली होती, फळाचा वास दरवळत होता आणि बाईंना भूक लागली होती. झालं! एवढ्यावर अख्खी मानवजात नंदनवनाबाहेर. आमच्या ऑफिसात वाढदिवसाचा केक नेमका जेवणाच्या सुट्टीआधी कापतात. तिथे तर सापाचीही गरज पडत नाही.

म्हणून 'पॅरडाइज रिगेन्ड' (१६७१) उघडलं. इथे येशू चाळीस दिवस रानात उपाशी. झोपेत त्याला स्वप्न पडतं तेही जेवणाचं, आणि त्यात तो बायबलमधल्या दानिएल संदेष्ट्याच्या पंगतीला बसून काय खातो, तर कडधान्य! माझ्या हातात तेव्हा मोड आलेल्या मुगांची वाटी होती. देवाचा पुत्र झाला म्हणून काय, निदान स्वप्नात तरी बासुंदी बघावी माणसाने.

मग सैतान रानातच पंगत मांडतो. शिकारीचं मांस, पाखरं, नदीचे मासे, समुद्राचे मासे, शिंपल्यासुद्धा. सुवासिक मद्य, मागे संगीत, वाढायला नटलेली देखणी पोरं. वर आग्रह, की बस ना, यातलं काहीच शास्त्राने वर्ज्य सांगितलेलं नाही! इथे मी पुस्तक मिटलं. ही तर आमची आत्या. "अरे, गुळाची केलीय पोळी. साखर आहेच कुठे त्यात?"

येशू मात्र पक्का. पंगत मांडण्याआधीच सैतान त्याला विचारतो, समोर अन्न आलं तर खाशील ना? त्यावर तो एवढंच म्हणतो : देणारा कोण, ते बघून. काय उत्तर आहे! होळीला आत्याने पुरणपोळीवर तुपाची धार धरली. तूप पोळीवरून ओघळत कटाच्या आमटीच्या वाटीला जाऊन टेकलं, तरी धार चालूच. मी छातीवर दगड ठेवून म्हणालो, "देणारा कोण, ते बघून खाणार, आत्या."

"म्हणजे? मी कोण रे मेल्या?"

सैतानाची पंगत हार्पींच्या, म्हणजे ग्रीक पुराणातल्या अर्ध्या बाई-अर्ध्या पक्षी राक्षसिणींच्या, पंखांच्या फडफडाटात गडप होते, असं मिल्टनने लिहिलंय. आत्याने माझं ताट उचललं तेव्हा तिच्या बांगड्या अशा वाजल्या, की मिल्टन आंधळा असला तरी कानांचा तिखट होता याची खात्रीच पटली.

आणि हा मिल्टन स्वतः? १६७४ साली, मरणाच्या काही महिने आधी, पानात आवडीचं वाढलेलं बघून तो बायकोवर खूश झाला. म्हणाला, बेट्टी, कबूल केल्याप्रमाणे मी जिवंत असेतो मला हवं ते करून घालतेस. मी गेल्यावर सगळं तुझंच. पुढे इस्टेटीवरून मुली आणि सावत्र आई यांचं भांडण कोर्टात गेलं, तेव्हा घरच्या मोलकरणीने दिलेली ही साक्ष.

हे मी आमच्या घरी मुद्दाम जेवताना, मोठ्याने वाचून दाखवलं.

बायकोने मुगाचा दुसरा डाव वाढला. "आधी फ्लॅट नावावर करा," ती म्हणाली, "मग शिऱ्याचं बघू."