भाषण नंतर, आधी तो अर्ज वाचा

जात आणि वंश यांची तुलना करावी की नाही, हा वाद महाराष्ट्रात अधूनमधून पेटतो आणि इथे अमेरिकेतल्या जॉर्जियात बसलेले आम्ही मराठी लोक त्यात हिरिरीने उतरतो. मार्टिन ल्यूथर किंगचं १९६३चं 'आय हॅव अ ड्रीम' हे भाषण दोन्ही बाजूंना पाठ असतं. काळ्यांना मतदानापासून दूर ठेवणारा, दक्षिणेतल्या मिसिसिपी राज्याचा मतदार नोंदणीचा अर्ज मात्र कुणी पाहिलेला नसतो. तुलना करायचीच, तर तिथून करावी.

त्या अर्जात २१ प्रश्न. मिसिसिपीच्या राज्यघटनेचं एक कलम जसंच्या तसं उतरवायचं, मग त्याचा अर्थ लिहायचा. कलम कुठलं ते कारकून ठरवणार, उत्तर बरोबर की चूक तेही तोच. ३१ ऑगस्ट १९६२ला इंडियानोलाच्या कोर्टात मळ्यावर राबणाऱ्या काळ्या बाई फॅनी लू हेमर यांच्या वाट्याला पूर्वलक्षी (मागच्या तारखेपासून लागू होणाऱ्या) कायद्यांचं कलम आलं. नोंदणी झाली नाहीच, वर त्याच रात्री मळ्यावरचं घर सोडावं लागलं. आणि हे सगळं कायदेशीर! १८९०च्या त्या राज्यघटनेने मताधिकाराच्या अटींत वंशाचं नावही घेतलं नव्हतं. दोन डॉलरची डोईपट्टी (मत देण्याआधी भरायचा कर) आणि 'अर्थ सांगा' एवढ्यावर काम भागलं.

म्हणून अमेरिकेच्या दक्षिणेवरची पुस्तकं वाचताना टेलर ब्रँचच्या किंगवरच्या तीन जाडजूड खंडांपासून सुरुवात करू नये. खंड उत्तमच आहेत, पण आधी तेच वाचले की सगळा लढा एका माणसाचं चरित्र वाटायला लागतो. आधी राज्यशास्त्रज्ञ व्ही. ओ. की यांचं १९४९चं 'सदर्न पॉलिटिक्स' घ्यावं. राज्यागणिक यंत्रणा कशी चाले आणि गरीब गोरेही मतदानातून कसे गळाले, ते त्यात कळतं. मग चार्ल्स पेन यांचं 'आय हॅव गॉट द लाइट ऑफ फ्रीडम' (१९९५): मिसिसिपीत गावोगाव माणसं कशी जोडली गेली, याचा इतका बारीक हिशेब दुसरीकडे क्वचितच मिळेल.

काळे इतिहासकार ड्यू बॉइस यांचं १९३५चं 'ब्लॅक रिकन्स्ट्रक्शन' मराठी वाचकाने तर सोडूच नये. जोतीरावांनी १८७३ साली 'गुलामगिरी' अमेरिकेतल्या सदाचारी लोकांना अर्पण केली; चारच वर्षांत त्याच देशाने दक्षिणेतल्या, गुलामगिरीतून सुटलेल्या काळ्यांची पाठराखण सोडली. ती का सोडली, ते ड्यू बॉइस सांगतात.

आपल्याकडे, स्वतंत्र भारतात, चित्र वेगळं. यादी करणं हे सरकारचं काम, साक्षरतेची अट पहिल्यापासून नाही. तरीही पहिल्या निवडणुकीच्या यादीतून सुमारे २८ लाख बायकांची नावं गेली, कारण त्या 'अमक्याची बायको' म्हणून नोंदल्या होत्या. इथे हेतू वाईट नव्हता, मिसिसिपीत होता. हा फरक न मानणारी तुलना मला पटत नाही. पण दोन्हीकडे नाव गेलं ते कारकुनाच्या टेबलावर. सध्या मतदार याद्यांवरून जी हमरीतुमरी चालते, तिच्यात 'किती नावं गेली' हा एकच प्रश्न ऐकू येतो. नाव काढण्याची मागणी करणारा सात नंबरचा फॉर्म कुणी भरला, नोटीस खरंच पोचली का, सुनावणी झाली का, जिल्हाधिकाऱ्यांकडे अपील किती जणांनी केलं, हे विचारणारे फारच थोडे.